सिद्धगडावरून परतताना

२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले भाई शिकून वकील झाले होते. वीजवाहिन्यांचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्यात शेतकरी होते, वनवासीही होते. मनोरा पाडताना सोबत्याचा धंदा कोणी विचारीत नसतो! तेथे पुष्पचक्र वाहून परतणारे आपणच वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला, वडिलांच्या वयाचा असला तरी, ‘ए’ म्हणून हाक मारतो. शहापुरातल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते. उन्हाळ्यात तिथलेच पाडे टँकरची वाट पाहतात. त्या पाड्यावरची भगिनी घरी धुण्याभांड्याला आली, की तिचा कप मात्र निराळा. समरसतेवरची बौद्धिके पुष्कळ झाली. येत्या २ जानेवारीला भट्टीवरची कुटुंबे पहिल्या रांगेत बसतील काय?