आधी न्यूनेनला जा

व्हॅन गॉगची गावं पाहायला जाणारे आपल्या मंडळींत वाढत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सहलीचा मार्ग मात्र बहुतेकदा त्याच्या आजारावरून ठरतो. आर्लमध्ये त्याने कान कापला, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर काढलं, ऑव्हेरमध्ये 1890च्या जुलैत स्वतःवर गोळी झाडली. ही तीन ठिकाणं केली की व्हॅन गॉग झाला! मला हे पटत नाही. सुरुवात न्यूनेनपासून व्हावी. आइंडहोव्हनमध्ये आपली इतकी कुटुंबं राहतात, तिथून सायकलने अर्ध्या तासाची वाट.

1883च्या डिसेंबरात तो इथे आईवडिलांकडे आला. वय तीस, कमाई शून्य, खर्च धाकट्या भावाच्या, तेओच्या पैशांवर. पाद्री वडिलांचं घर अजून उभं आहे आणि त्याने रंगवलेलं छोटं अष्टकोनी चर्चही. या गावात त्याने मागावर वाकलेले विणकर काढले, मग शेतकऱ्यांचे चेहरे, एकामागून एक, चाळीसच्या आसपास. एवढा हात बसल्यावर 1885 मध्ये ‘बटाटे खाणारी माणसं’ उभं राहिलं. अॅमस्टरडॅमला ते चित्र जवळ जाऊन बघा. दिव्याखाली ताटाकडे गेलेली बोटं जाड, गाठाळ आहेत. याच हातांनी जमीन खणली, हे त्याला दाखवायचं होतं. चेहऱ्यांना रंग दिला तोही न सोललेल्या, मातकट बटाट्याचा.

ही मेहनत पाहिली की ‘वेडातून प्रतिभा’ हे आवडतं सूत्र टिकत नाही. सँ-रेमीतही झटका आला की आठवडेच्या आठवडे काम अडायचं. तिथली जवळजवळ दीडशे चित्रं त्याने मुख्यतः बरं असताना काढली. आजाराने त्याचे कामाचे दिवस हिरावून घेतले. आपल्या घरांत नैराश्याबद्दल अजून दबक्या आवाजात बोलतात. अशा वेळी ‘कलावंत असेच असायचे’ असं मुलांना सांगणं मला घातक वाटतं. त्रासात असलेलं मूल मग मदत मागणारच नाही.

सँ-रेमीला, ऑव्हेरला जरूर जा. सँ-रेमीच्या त्या आवारात आजही रुग्णांवर उपचार होतात, तिथे आवाज खाली ठेवा. पण मंडळाची पुढची सहल न्यूनेनला काढावी आणि मुलांच्या हाती चित्रवही द्यावी, अशी कार्यकारिणीला माझी आग्रहाची विनंती आहे.