सुईचे भय आणि आपली चिठ्ठी

रक्तपरीक्षणाची चिठ्ठी लिहून दिली की आपले कर्तव्य संपले, अशी आपल्यापैकी पुष्कळ वैद्यबंधूंची समजूत दिसते. रुग्ण लॅबमध्ये घाबरला, भोवळ येऊन पडला अथवा दारातूनच परत फिरला, तर तो लॅबचा प्रश्न मानला जातो. माझ्या मते हा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्याचा आहे, आणि विदर्भात व्यवसाय करणाऱ्यांना तर तो टाळताच येणार नाही.

याचे कारण सिकलसेल. शुक्ला व सोलंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेल वाहकत्वाविषयी लिहिले, तेव्हापासून हा व्याधी आपल्या परिचयाचा आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. प्राथमिक चाचणीस बोटातील रक्ताचा थेंब पुरतो. परंतु त्यात दोष आढळल्यास ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित करण्यासाठी बहुधा सिरेतून रक्त घ्यावे लागते. भित्रा मनुष्य नेमका येथेच गळतो. आपण वाहक आहोत हे न कळता दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्य व्याधिग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के असते. तेव्हा सुईचे भय ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

सुश्रुताचार्यांनी तर ती कधीच हसण्यावारी नेली नाही. शारीरस्थानातील सिराव्यधविधीच्या अध्यायात ते स्पष्ट सांगतात की मूर्च्छित, अतिशय भ्यालेल्या, थकलेल्या व तहानलेल्या माणसाची सिरा विद्ध केली तरी ती वाहत नाही. लॅबमधील कोणताही अनुभवी तंत्रज्ञ आज हेच सांगेल. त्याच अध्यायात रुग्णाला आधी द्रवप्राय अन्न वा यवागू द्यावी, बंध फार घट्ट वा फार सैल नसावा, हाताच्या सिरेसाठी त्याला सुखाने बसवावे, असे बारकावे आहेत. भीरू व सुकुमारांसाठी जलौका हा मृदू उपाय त्यांनी वेगळा सांगितला. उत्तरतंत्रात रक्ताच्या गंधाने येणारी मूर्च्छा हा मूर्च्छेचा स्वतंत्र प्रकार मानला असून, रक्ताच्या केवळ दर्शनाने मोह होतो हेही तेथे नोंदविले आहे. आपण हे अध्याय परीक्षेपुरते पाठ केले आणि रुग्णाला मात्र ‘काही होत नाही हो’ एवढेच सांगत राहिलो!

रक्त पाहून येणारी भोवळ ही इतर भयांहून वेगळी आहे, हे आधुनिक शरीरक्रियाविज्ञानालाही मान्य आहे. साप दिसला तर छाती धडधडते, पण मनुष्य सहसा पडत नाही. रक्ताच्या भयात मात्र प्रथम नाडी व रक्तदाब वाढतात आणि मग दोन्ही एकाएकी उतरतात. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो व रुग्ण कोसळतो. म्हणूनच अशा रुग्णाला ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ हा आपला नेहमीचा उपदेश पुरत नाही. दाब उतरत असताना अंग आणखी सैल सोडून काय साधणार? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्त यांनी 1980 च्या दशकात याच्या उलट उपाय रूढ केला. हात, पाय व धड यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, आवळून धरावेत. मग 20 ते 30 सेकंद पूर्ववत होऊ द्यावे. असे पाच वेळा करावे. ज्या हातातून रक्त घ्यायचे तो हात मात्र सैल ठेवावा. दवाखान्यात पाच मिनिटांत हे शिकविता येते. ज्याला केवळ वेदनेची धास्ती आहे, भोवळीचा इतिहास नाही, त्याच्यासाठी संथ श्वास, दुसरीकडे पाहणे व गप्पा एवढे पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘उपाशीपोटी या’ असे सांगितले की आपल्याकडील वृद्ध मंडळी निर्जळी एकादशी केल्यासारखी येतात. वैशाखातील नागपूरचे ऊन आणि रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, म्हणजे सुश्रुतोक्त ‘तृषित’ रुग्ण आपणच तयार केला! उपाशीपोटीच्या साखरेच्या तपासणीला साधे पाणी चालते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाला तर पाण्याची तूट वेदनेच्या तीव्र झटक्याला निमंत्रण ठरते. एचबीए1सीसाठी उपवास लागतच नाही. तरीही त्यासाठी रुग्णांना उपाशी पाठविणारे व्यवसायबंधू आहेत, याचे नवल वाटते.

‘बाटलीभर रक्त काढतात’ ही खेड्यांतील समजूतही दूर करावी. एका नळीत साधारणतः 2 ते 5 मिलिलिटर रक्त घेतात. तीन नळ्या झाल्या तरी तीन चहाचे चमचे. प्रौढाच्या शरीरात ते सुमारे पाच लिटर असते.

ज्या औषधी दुकानदारांनी दुकानालगत रक्त संकलनाची सोय ठेवली आहे, त्यांना एक विनंती. खुर्चीबरोबर एक बाकही ठेवावा, ज्यावर माणूस आडवा होऊ शकेल. भोवळ आलेल्याला खुर्चीत धरून ठेवणे, तोंडात पाणी ओतणे, कांदा शोधत धावणे, हे सारे चुकीचे. त्याला प्रथम आडवे करून पाय उंच करावेत. स्पिरिट वाळल्यावरच सुई टोचली तर चुरचुर कमी होते. लिडोकेन-प्रिलोकेन मलमाची मागणी हल्ली पालक करतात. ते लावून, झाकून, सुमारे तासभर थांबावे लागते. ऐन वेळी लावून उपयोग नाही. तान्ह्या बालकांत प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो, म्हणून चिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय ते देऊ नये.

माझ्या चिठ्ठीवर तपासणीच्या नावाखाली आता तीन ओळी असतात: पाणी पिऊन जावे, पूर्वी भोवळ आली असल्यास रक्त घेणाऱ्यास आधीच सांगावे, अशा रुग्णाचे रक्त झोपवूनच घ्यावे. तिसरी ओळ लॅबसाठी असल्याने तिच्याखाली मी सही करतो.