देठावरचें फूल

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या परसांतल्या अनंताला हंगामाचें पहिलें फूल आलें. सकाळीं त्याचा फोटो घ्यावा म्हणून आम्हीं आदल्या रात्रींच मोबाईल उशाशीं ठेविला होता. परंतु उजाडतांच परसांत जाऊन पाहतों तों देठ रिकामा! फूल वहिनींच्या परडींत जाऊन बसलेलें. आम्ही कांहींसे चिडूनच म्हणालों, “वहिनी, एक दिवस तरी तें झाडावर राहूं द्यायचें होतें.” त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “भाऊजी, आधीं देव, मग तुमचा फोटो.” घरांतल्या लहानथोरांनीं वहिनींचाच पक्ष घेतला, हें सांगावयास नकोच.

हा छंद आम्हांस सेवानिवृत्तीनंतर जडला. उभी हयात मुलांना ऋतुवर्णनें शिकविण्यांत गेली. कालिदासाचा ऋतुसंहार ग्रीष्मापासून आरंभ होतो हें मुखोद्गत. पण त्या ग्रीष्मांत आपल्याच गल्लींतला बहावा कोणत्या आठवड्यांत पिवळा होतो, हें मात्र ठाऊक नव्हतें. कॅमेऱ्यानें ही उणीव थोडीफार भरून काढली.

फुलाचा फोटो म्हणजे प्रथम वेळेचा अभ्यास होय. प्राजक्त रात्रीं उमलतो आणि पहांटे गळूं लागतो. तो झाडावर हवा असेल तर उशिरां उठून चालत नाहीं. गुलबासाचीं फुलें दुपार उलटल्यावर उघडतात. घरोघरच्या कुंड्यांतून ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतों, तें वस्तुतः अमेरिका खंडांतून आलेलें, निवडुंगाच्या कुळांतलें झाड आहे. हिमालयांतलें ब्रह्मकमळ निराळें. त्याचें फूल एकच रात्र टिकतें, तेव्हां जागरणाला पर्याय नाहीं. कळलावीची पाकळी आरंभीं पिवळसर असते व पुढें लाल होत जाते. तिचा एकच फोटो घेतला तर अर्धीच गोष्ट कळते.

दुसरा अभ्यास प्रकाशाचा. पांढरें फूल भर दुपारच्या उन्हांत टिपलें तर पाकळीवरच्या शिरा नाहींशा होऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. सकाळचें कोंवळें ऊन किंवा ढगाळ आभाळ त्याला मानवतें. कॅमेरा फुलाच्या उंचीवर न्यावा, वारा थांबेपर्यंत धीर धरावा आणि पानाचा व देठाचाही निराळा फोटो घ्यावा. नुसत्या पाकळ्यांवरून ओळख पटविणें जाणत्यांनाही जड जातें.

आतां ज्यासाठीं हें लिहावयास बसलों ती गोष्ट सांगतों. साताऱ्याहून सुमारें पंचवीस किलोमीटरवर कासचें पठार आहे. पश्चिम घाटांतील जीं स्थळें 2012 सालीं जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं, त्यांत त्याचा समावेश आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर अगदीं पातळ. तरी पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तेथें तेरडा, गेंद, सोनकी पाळीपाळीनें फुलतात. त्या मातींत नत्र थोडें, म्हणून कांहीं वनस्पति कीटकांवर निर्वाह करितात. ‘सीतेचीं आसवें’ हें इवलेंसें जांभळें फूल त्यांतलेंच. त्याच्या जमिनींतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव अडकतात.

वहिनींनीं हें नांव लहानपणीं माहेरीं ऐकलेलें. फूल मात्र कधीं पाहिलें नव्हतें. गुडघ्यांमुळें आतां त्यांचा प्रवास बंद. “मला तें घरीं बसून दाखवाल का?” असें त्यांनींच विचारिलें. तेव्हां भाद्रपदांत आम्ही नातवाला घेऊन कासला गेलों. हंगामांत गर्दीमुळें तेथें आगाऊ नोंदणी करावी लागते व आखलेल्या वाटेनेंच हिंडावें असा नियम आहे. परंतु वाटेवरून फूल मनाजोगतें दिसेना. म्हणून आम्ही दोन पावलें आंत शिरलों, गुडघे टेकले आणि फोटो घेतला. तो उत्तम आला.

उठतांना नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्या गुडघ्याखालीं पाहा.” तेथें दवबिंदूचीं रोपें होतीं, रुपयाएवढा एकेक पानांचा झुबका, पानांवर चिकट थेंबांचे केस. चार-पांच झुबके चिखलांत सपाट झाले होते. ज्यानें जन्मभर मुलांस ओळ न मोडण्याचें शिकविलें, त्यानें एका चित्रासाठीं वाट मोडली; आणि त्याच वाटेवर मागून येणारीं माणसें आमच्याकडे पाहून आंत उतरूं लागलीं होतीं.

घरीं आल्यावर वहिनींनीं फोटो बराच वेळ निरखला. त्या प्रसन्न झाल्या. आम्हांस मात्र राहवेना. घडलें तें सर्व सांगितलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “भाऊजी, मी खुडलेलीं फुलें परडींत मोजतां येतात. तुम्हीं तुडविलेलीं कोणी मोजायचीं?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून आम्हीं रानांत वाट सोडलेली नाहीं. वाटेवरून जें दिसेल तेवढें आपलें. न दिसेल तें फुलाचें. रोप तुडविलें गेलें कीं त्याचें बीं धरत नाहीं, आणि ज्या रोपांचें आयुष्य एका पावसाळ्याचें, त्यांना पुढच्या वर्षासाठीं बियांवांचून दुसरा आधार नाहीं. घरांतल्या मुलांना फुलें दाखवावयास नेणाऱ्या वाचकांनीं एवढें अवश्य ध्यानांत घ्यावें.

यंदा आषाढांत अनंत पुन्हां फुलला. सकाळीं परसांत गेलों तों परडी भरलेली, पण अगदीं वरच्या फांदीवर एक फूल तसेंच होतें. वहिनींनीं कांहीं सांगितलें नाहीं, आम्हींही विचारिलें नाहीं. पहिल्या दिवशीं तें पांढरेंशुभ्र, नंतर सायीच्या रंगाचें आणि शेवटीं पिवळें झालें. रोजचा एक फोटो तिथीसह वहींत चिकटविला आहे. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर वहिनी चष्मा लावून तें पान उघडतात, आणि पुढचें पान कोणत्या फुलाचें, हें विचारतात.