पाण्याच्या मुळाकडे जाणारी सायकल

वसई-विरारमधील कोणत्याही गृहिणीला नळाचे पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येणार, हे अचूक ठाऊक असते. ते पाणी येते कोठून, हे मात्र घरातील फार थोड्यांना सांगता येते. शहराच्या पुरवठ्याचा सर्वांत मोठा भाग सूर्या नदीवरील धामणी आणि कवडास या धरणांतून येतो. त्याला स्थानिक जोड आहे ती उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड या तीन जलाशयांची. उसगावातून दररोज सुमारे २० दशलक्ष लिटर, पेल्हारमधून सुमारे १० दशलक्ष लिटर आणि पापडखिंडीतून सुमारे १ दशलक्ष लिटर, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे. आकडे लहान असले तरी हे पाणी घरच्या डोंगरांचे आहे. पापडखिंड विरार पूर्वेच्या डोंगरात आहे, तर पेल्हार आणि उसगाव तुंगारेश्वरच्या कुशीत आहेत. या डोंगरांकडे जाण्याचे सर्वांत समजूतदार वाहन सायकल होय. ती इतकी सावकाश जाते की वाटेतला ओढा दिसतो आणि इतकी वेगाने जाते की दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत परतता येते.

व्यापारी कुटुंबांत दिवसाचे दहा-बारा तास गादीवर किंवा गल्ल्यावर बसून जातात. पाठदुखी, वाढलेले वजन आणि मधुमेह ही त्या बैठकीची चक्रवाढ व्याजासारखी वाढत जाणारी देणी आहेत. ती फेडण्यासाठी अनेक जण उत्साहाने महागडी सायकल आणतात आणि दोन महिन्यांनी ती गॅलरीत कपडे वाळत घालण्याच्या उपयोगी पडते. बँकेच्या भाषेत याला अनुत्पादक मालमत्ता म्हणतात. त्यापेक्षा साधी, गिअरची, किंचित रुंद टायरची सायकल घ्यावी आणि आधी सपाटीवर महिनाभर पाय मुरवावेत.

त्यासाठी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील हरित पट्टा उत्तम आहे. विरारहून आगाशी, अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव आणि पुढे वसईचा किल्ला, असा हा समुद्राच्या आश्रयाने जाणारा मार्ग आहे. वाटेत वाड्या, केळीच्या बागा, विहिरी आणि तलाव आहेत. आगाशीत मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर आहे. थोडी वाकडी वाट केल्यास नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूपही पाहता येतो. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथे उत्खनन केले आणि शूर्पारक या प्राचीन बंदराची साक्ष जगापुढे आली. चढ जवळपास नसल्याने या मार्गावर एकसारख्या गतीने पायडल मारण्याची सवय लागते. येथे खरी परीक्षा समोरून येणाऱ्या वाऱ्याची असते. जाताना वारा अंगावर घ्यावा आणि येताना पाठीशी ठेवावा, हा नियम थकलेल्या पायांना फार उपकारक ठरतो.

पाय मुरल्यावर पूर्वेकडे वळावे. तुंगारेश्वरचा माथा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच असून त्याभोवतीचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे वन २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा वन्यजीवांचा दुवा आहे. सातिवलीहून तुंगारेश्वर मंदिराकडे जाणारी वाट मात्र बारीक टायरच्या सायकलीची नव्हे. तेथे ओढे आडवे येतात आणि दगड निसटतात. रस्त्याच्या सायकलस्वाराने शिरसाडचा मार्ग धरावा.

शिरसाडला मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून पूर्वेकडे वळले की मांडवी, पारोळ, उसगाव करीत रस्ता वज्रेश्वरीला पोहोचतो. जाऊन-येऊन हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत बसते. चढ छोटे आहेत, पण एकामागून एक येतात. एकाला जिंकल्याच्या आनंदात दम संपविणाऱ्याला दुसरा चढ उतरवून देतो. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. उतारावर मिळणारा वेग हा कष्टाविना मिळालेल्या नफ्यासारखा असतो. तो पूर्ण वापरण्याचा मोह टाळावा, कारण वळणापलीकडे गाय, खड्डा किंवा खडीचा डंपर असू शकतो. उजव्या हाताला तुंगारेश्वरची रांग सोबत चालते. पावसाळ्यात तिच्या अंगावर ओहोळांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. त्याच ओहोळांतून उसगावचा जलाशय भरतो.

वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसाचे आहे. १७३९ मध्ये किल्ला सर झाला आणि नवस फेडला गेला. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथून वाहणारी तानसा नदी वरच्या बाजूला एका दगडी धरणाने अडविली आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले, अडीच किलोमीटरहून अधिक लांबीचे हे तानसा धरण आजही मुंबईला पाणी देते. ज्यांना पूर्ण दिवस देता येतो, त्यांनी अंबाडीमार्गे अघईच्या बाजूने तानसाच्या जंगलापर्यंत जावे. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय प्रवेश नसतो आणि पाण्यात उतरणे तर सर्वच जलाशयांत टाळावे. अनोळखी पाण्याचा तळ कोणालाही ठाऊक नसतो.

तिसरा मार्ग खाडीपलीकडचा आहे. विरारजवळील मारंबळपाडा ते जलसार ही रो-रो सेवा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून वैतरणा खाडी ओलांडणे सोपे झाले आहे. पलीकडे सफाळे आणि तेथून तांदुळवाडीच्या घाटातून वरईकडे जाणारा दाट झाडीचा रस्ता आहे. हा चढ आधीच्या दोन्ही मार्गांहून खडा आहे. मीरा-भाईंदरच्या कुटुंबांसाठी भाईंदर-वसई रो-रो सेवाही २०२४ पासून आहे; तिच्यामुळे घोडबंदरच्या पुलावरील अवजड वाहतूक टाळून सायकलसह थेट वसई किल्ल्याजवळ उतरता येते.

कोणता रस्ता घेऊ नये, हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे. चिंचोटी-कामण-भिवंडी हा रस्ता नकाशावर डोंगराळ आणि रम्य दिसतो. प्रत्यक्षात त्यावर कंटेनरची रांग आणि खड्डे असतात. महामार्गावर तर शक्य तितके कमी अंतर जावे आणि तेही उजाडल्यानंतर. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. भक्कम मोटारीत बसलेल्यांची ही गत, तर दोन चाकांवर उघड्या अंगाने जाणाऱ्याने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

या महामार्गाशी समाजाचे आणखी एक नाते आहे. मुंबई आणि गुजरात यांच्या दरम्यान साधू-साध्वींचा विहार याच रस्त्याने होतो. पहाटेच्या अंधारात मागून आलेल्या वाहनाने त्यांना धडक दिल्याच्या बातम्या समाजाने अनेकदा वाचल्या आहेत. रस्त्यावरील सर्वांत दुबळे दोघेच: पायी चालणारा आणि सायकल चालविणारा. म्हणून ज्या तरुणांकडे दिवे आणि प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे आहेत, त्यांनी विहारसेवेत ती घेऊन जावीत. सायकल हातात धरून, विहाराच्या चालीने, वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला दिवा ठेवून चालावे. उजाडेपर्यंत थांबण्याची सोय झाल्यास ती सर्वांत उत्तम. सायकलमंडळींना ज्या आडरस्त्यांची ओळख झालेली असते, ती माहिती विहाराचा मार्ग ठरविणाऱ्यांच्या कामी यावी, हेही त्या छंदाचे सार्थक आहे.

नियम पाळणाऱ्यांसाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. त्यापूर्वी पाणीही घ्यावयाचे नसल्याने पहाटेची फेरी सपाटीवरची, हलकी आणि तासाभराचीच असावी. डोंगराचा मार्ग नवकारशी पारून घ्यावा. चौविहार करणाऱ्यांनी सायंकाळी घाम गाळणारी फेरी घेऊ नये, कारण रात्रभर शरीराची तूट भरून निघत नाही. उकळलेले पाणी घरूनच दोन बाटल्यांत न्यावे. नाक्यावरच्या वड्यात बटाटा, लसूण असतोच. त्याऐवजी वसईची सुकेळी खिशात ठेवावीत. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला हा मेवा परदेशी एनर्जी बारहून स्वस्त, टिकाऊ आणि चवदार आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच लांब फेरी ठरवावी आणि एकट्याने जाऊ नये.

पहिल्या पावसानंतर या रस्त्यांवर गोगलगायी, पैसे, बेडूक आणि खेकडे मोठ्या संख्येने उतरतात. चातुर्मासात विहार थांबतो, त्यामागील कारण सायकलच्या उंचीवरून स्पष्ट दिसते. ईर्यासमिती ही साधूंची शिस्त असली, तरी पुढची जमीन पाहून चालण्याचा तिचा अर्थ चाकालाही लागू करता येतो. त्या महिन्यांत डोंगराचे रस्ते सोडून द्यावेत, किंवा उजेड भरपूर असताना सावकाश जावे. वेगाची नोंद करणाऱ्या घड्याळाला एवढी माफी देता यावी.

सायकलस्वाराला पावसाळ्याअखेर भरलेले उसगाव आणि मे महिन्यात काठापासून मागे सरकलेले उसगाव, अशी दोन्ही रूपे दिसतात. ठेव कशी आटते हे एकदा पाहिलेल्या घरात वाहता नळ बंद करण्यासाठी फार सांगावे लागत नाही. म्हणून पुढच्या रविवारी घरातील एका मुलाला बरोबर घ्यावे आणि पापडखिंडीपासून आरंभ करावा. तो सर्वांत जवळ आहे.