पाळी थांबली, म्हणजे ‘पीसीओडी’च का?

ताप आला की ‘कशाचा?’ असे आपण विचारतोच. मासिक पाळी थांबल्यावर मात्र हा प्रश्न आपल्या देशात क्वचितच विचारला जातो. गरोदरपणाची तपासणी होते, कागदावर ‘पीसीओडी’ उमटते आणि संप्रेरकांच्या गोळ्या सुरू होतात. त्या संपल्या की रक्तस्राव होतो. घरच्यांना वाटते, पाळी आली! वस्तुतः ती केवळ संप्रेरके बंद झाल्याची प्रतिक्रिया असते. मूळ बिघाड जागच्या जागी राहतो.

अन्य कारणे वगळल्यावरच हे निदान करावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. थायरॉइडचे विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन, अकाली निकामी झालेले बीजकोश, कुपोषण, अतिश्रम अशी ती कारणे आहेत. आणि भारतात ज्याचा विसर पडणे अक्षम्य ठरावे, असे आणखी एक आहे ते म्हणजे गर्भाशयाचा क्षय.

क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांत शिरतात आणि तेथून गर्भाशयाच्या अस्तरात उतरतात. अस्तर नष्ट होऊन व्रण धरतात. कधी आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. बीजकोश आपले काम करीत असतात, पण दरमहा गळून पडायचे ते अस्तरच उरलेले नसते. अशा स्त्रीला संप्रेरके देऊनही रक्तस्राव होत नाही. निदानाच्या दृष्टीने हा मोलाचा धागा आहे. तो धरून अस्तराचा नमुना तपासायचा, की गोळी बदलून पाहायची? दुसरा मार्ग सोपा, म्हणून तोच चोखाळला जातो. खोकला नसतो, छातीचे क्ष-किरण चित्रही पुष्कळदा स्वच्छ असते. अखेर वंध्यत्वाच्या तपासणीत रोग सापडतो, तोवर तिला ‘वांझ’ म्हणून हिणवून झालेले असते. औषधांनी जंतू मरतात, पण व्रणांनी भरलेले अस्तर पुन्हा उगवेलच असे नाही. विलंबाची किंमत ती ही.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचा संकल्प २०१८ साली जाहीर झाला. ती मुदत उलटली. आजही संशयित शोधताना मुख्य भर खोकला, ताप, घटते वजन आणि रात्रीचा घाम या चार लक्षणांवर असतो. गर्भाशयात दडलेला क्षय या जाळ्यातून सहज निसटतो.

पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीची क्षयतपासणी करा, असा हा आग्रह नाही. तसे करणे उधळपट्टी होईल, शिवाय घबराटही पसरेल. परंतु नियमित पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे उलटूनही ती सुरू झाली नाही, तर गोळ्यांच्या आधी कारण शोधले गेले पाहिजे. घरात कुणाला क्षय होता का, हे विचारायला यंत्र लागत नाही. संशय असल्यास एका ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबूनही चालणार नाही, कारण या नमुन्यांत जंतू फार थोडे असतात. आणि गावोगावी क्षयाची विचारपूस करणाऱ्या आशाताईंच्या प्रश्नावलीत पाचवा प्रश्न यायला हवा: ‘ताई, तुमची पाळी येते ना?’