दिवसाची किंमत

तुवालू हा देश आमच्या विद्यार्थ्यांना नकाशात सापडेपर्यंत तास संपत आला होता. प्रशांत महासागरातील नऊ बेटे, सारे मिळून २६ चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजारांची. प्रवासी तेथे क्वचितच जातात. अशा देशावर लिहिताना बहुतेक लेखक दोनच सूर लावतात: नारळीबनांचा किंवा बुडत्या भूमीचा. तेथील माणूस पोट कसे भरतो, हा प्रश्न दोहोंत राहून जातो. बीडवरील लेखनातही दुष्काळाच्या सुराखाली नेमके हेच होते. (आमच्या शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा दुर्गमतेविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांसही आहे.)

तुवालूचे पुरुष परक्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले. धारूर, वडवणी, पाटोद्याची जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गावात उरतात म्हातारी माणसे. इथवर साम्य सोपे आहे; पुढे ते मोडते.

तुवालूच्या समुद्रात ट्यूना मासा विपुल, पण तो पकडण्याइतका ताफा पदरी नाही. नाउरू करारातील आठ देशांनी २००७ पासून परक्या नौकांना मासेमारीचे दिवसच विकायला काढले आणि पुढे एका दिवसाचा किमान दर ८,००० डॉलरवर नेला. जाळ्यात मासा येवो न येवो, दिवसाचे पैसे मोजायचे.

आमच्याकडे दिवस विकला जातो तो उचल घेतानाच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांचा दिवस त्यांचा नसतो. दुखण्याखुपण्यात एक दिवस पडला की मजुरी बुडते, वर खाडा भरावा लागतो. २०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली, तेव्हा पाळीच्या दिवसांतल्या खाड्याचे भय हेही एक कारण म्हणून पुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे खरे. परंतु तो दर टनाचा आहे.

अर्थव्यवहाराची ही भाषा साहित्यविचाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे आम्हांस चूक वाटते, आणि त्या चुकीत आम्ही स्वतःही आहोत. ग्रामीण साहित्य शिकवताना माती, दुष्काळ, स्थलांतर हे शब्द आमच्या तोंडी सहज येतात. उचल, खाडा, कोपी येत नाहीत. ज्यांना ते ठाऊक असतात, अशांपैकी काही विद्यार्थी त्या वेळी आईबापांसह फडात असतात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ते परततात, तोवर तो पाठ शिकवून झालेला असतो.