घटस्फोटाचा दावा परराज्यात, तारखेला जायचं कसं?

आटपाडी, खानापूर, जत या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे गलाई व्यवसायासाठी राज्याबाहेर पांगली आहेत. लग्न इथं, संसार तमिळनाडू नाहीतर केरळात. नांदणं मोडलं की बाई लेकरं घेऊन माहेरी येते आणि मागोमाग समन्स येतं. नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा टाकलेला असतो, तोही धंद्याच्या गावी.

यात बेकायदा काही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार लग्न झालं तिथं, जोडपं शेवटचं एकत्र राहिलं तिथं किंवा समोरचा पक्षकार राहतो तिथं दावा करता येतो. 2003 च्या दुरुस्तीनं पत्नीला ती स्वतः राहते तिथंही दावा करण्याची मुभा मिळाली. पण ती मुभा दावा करणारीला. नवऱ्यानं आधी दावा टाकला तर तिचा फायदा नाही. तिनं नंतर इथं घटस्फोटाचा दावा केला तरी कलम 21-अ प्रमाणे तो साधारणपणे आधीच्या कोर्टाकडे जातो. थोडक्यात, जो आधी जातो तो कोर्ट निवडतो.

अर्ज कुणाकडे?

मग उरतो दावा वर्ग करून घेण्याचा अर्ज. दावा महाराष्ट्रातच दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यानं सांगली, सातारा, सोलापूरकरांची मुंबईवारी बरीच कमी झाली. दावा परराज्यात असेल तर मात्र कलम 25 खाली थेट सर्वोच्च न्यायालय. जतची लेक विजयपूरला दिलेली असेल आणि दावा तिथं चालू असेल, तर तो सीमेच्या अलीकडं आणायलाही दिल्लीचंच दार. जवळचं कोर्ट मागायला सगळ्यात लांबच्या कोर्टात जायचं, अशी ही गत.

मागितलं की मिळतंच असं नाही

वैवाहिक दाव्यात पत्नीची सोय बघावी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्येही सांगितलं. पदरी लहान मूल, स्वतःची कमाई नसणं, सोबत यायला कुणी नसणं, जिवाची भीती, पोटगीचा खटला इथंच चालू असणं, ही कारणं वजनदार ठरतात. पण या सवलतीचा गैरवापर होतो, असंही याच न्यायालयानं पूर्वी नोंदवलं होतं. नवरा आजारी असेल, साक्षीपुरावा संपत आला असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कधी नवऱ्यानं प्रवासखर्च द्यावा एवढ्यावरच भागवलं जातं. कोरोनानंतर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा पर्यायही पुढं येतो. पण संसाराची उणीदुणी मोबाईलवर, घरात दहा माणसं ऐकत असताना सांगणं किती जणींना जमेल?

खरा धोका एकतर्फी निकालाचा

अर्ज केला म्हणून तिकडची तारीख थांबत नाही. स्थगिती मिळाली तरच थांबते. तोवर कुणीच हजर झालं नाही तर एकतर्फी निकाल लागू शकतो. "आपण गेलोच नाही तर काय करतील?" हा गावाकडचा सल्ला इथंच महागात पडतो. आधी तिकडं वकील लावून म्हणणं दाखल करावं. कलम 24 खाली, पण हिंदू विवाह कायद्याच्या, दाव्याचा खर्च आणि दावा चालू असेतोवर पोटगी मागता येते. हा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जावं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. सर्वोच्च न्यायालयातही अशी समिती आहे. हे समन्सच्या कागदावरच ठळक मराठीत छापलं, तर किमान पहिली तारीख तरी हुकणार नाही.